सुरू न झालेला सामना

मुलांनो, एक मैदान डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटून आणा म्हटलं असतं, पण मग पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच आणा. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला नगर कार्यालयाची भिंत आणि त्या भिंतीत एक लोखंडी फाटक. मधे गवत. चुन्याच्या रेघा अगदी ताज्या, दोन्ही टोकांना गोलचे खांब, त्यांना नवी जाळी. काय नाही तिथे? बरोबर. खेळणारी मुलं नाहीत. वर्षभर नव्हती. कारण त्या गावाने खेळ सुरू करण्याचा प्रश्न फार गांभीर्याने घेतला होता.

त्याचं असं झालं. गावात फुटबॉलची चार मंडळं होती. चौघांच्याही खेळाचं नाव फुटबॉल, आणि बाकीचे तिघे जे खेळतात तो फुटबॉल नव्हे यावर चौघांचं एकमत.

पहिले पायवाले. यांचा चेंडू गोल. तो मधल्या वर्तुळात ठेवायचा, समोरच्या संघाने वर्तुळाबाहेर उभं राहायचं, शिट्टी वाजली की एकाने चेंडूला पाय लावायचा. झाला खेळ सुरू. दुसरे रग्बीवाले. यांचा चेंडू पपईसारखा लांबट. तो हातातून खाली सोडायचा आणि टप्पा पडला रे पडला की लाथ मारायची. तिसरे हेल्मेटवाले. यांचाही चेंडू लांबट, पण तो एका चिमुकल्या स्टँडवर उभा करायचा, लांबून धावत यायचं आणि असा भिरकावायचा की समोरच्यांना शोधायला जावं लागेल. चौथे आपटवाले. चेंडू यांचाही लांबट, पण यांचा खेळाडूंवर विश्वासच नाही. पंच स्वतः मैदानाच्या मध्यावर चेंडू जोरात आपटतो, चेंडू उंच उडतो, आणि दोन्हीकडचे सगळ्यांत उंच गडी त्याच्यावर झेपावतात.

चौघेही आळीपाळीने खेळत आणि आळीपाळीने भांडत. बरं चाललं होतं. पण नगर कार्यालयाच्या गाड्या वाढल्या, जागा कमी पडू लागली, आणि कार्यालयाच्या साहेबांनी एक फर्मान काढलं: ‘ज्या मैदानावर वर्षाच्या शेवटच्या सूर्यास्तापर्यंत खेळ रीतसर सुरू झालेला नसेल, ते मैदान विनावापर समजण्यात येईल व तेथे कार्यालयीन वाहने उभी करण्यात येतील.’

गाव हसलं. खेळ काय, रोजच सुरू होतो! पण पायवाल्यांपैकी एकाने, तोंडाला कुलूप नसल्यामुळे, विचारलं, “रीतसर म्हणजे आमच्याच रीतीनं ना?” त्यावर रग्बीवाले उठले. मग हेल्मेटवाले उठले. आपटवाल्यांनी उठण्याआधी जवळची खुर्ची आपटली. अखेर असं ठरलं, की प्रारंभ निश्चिती समिती नेमावी, आणि तिचा निर्णय होईपर्यंत कोणीही, कोणत्याही प्रकारे, मैदानावर खेळ सुरू करू नये. मैदान गाड्यांपासून वाचवायचं होतं; म्हणून ते आधी मुलांपासून वाचवण्यात आलं.

या समितीचे चिटणीस होते भिंगरीचे बाबा.

भिंगरी ही आपल्या गोष्टीतली मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण ती एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. ती खालच्या गल्लीच्या संघात होती. गेल्या वर्षी तिच्यासाठी आणलेले बूट एकदाही मैदानावर न उतरता तिला आखूड झाले होते. आईने त्यांचं तोंड उसवून पुढे चामड्याचा तुकडा जोडून दिला. आई शिवणकाम करायची. माप चुकलेली माणसं आणि कपडे दोन्ही तिला लगेच ओळखू येत.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. समितीने आदल्याच दिवशी निर्णय दिला होता. आज दुपारी वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली असा मुलांचा सामना होणार होता, आणि तो ‘सर्वसंमत प्रारंभ’ पद्धतीने सुरू होणार होता. बाबा आरशासमोर उभे राहून कोटाची बटणं लावत होते.

“आजचा दिवस ऐतिहासिक आहे,” ते आरशाला म्हणाले.

“बाबा, पण मी पुढं खेळणार की मागं?” भिंगरीने विचारलं.

“खेळायचं नंतर गं. आधी प्रारंभ नीट होऊ दे.”

“आणि नाहीच झाला तर?”

“असं अशुभ बोलू नये. वर्षभर घाम गाळलाय समितीनं.”

“बसून बसून गाळलाय,” आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली. “पहिले चार महिने बैठक कशी सुरू करायची यावरच गेले ना? त्या आपटवाल्यांनी टेबलावर चेंडू आपटला आणि अध्यक्षांचा चष्मा फुटला.”

“मतभेद होते थोडे.”

“आपलं लग्न तुमच्या समितीवर सोपवलं असतं, तर मी अजून माहेरी सुखात असते.”

भिंगरी फिसकन हसली. पण लेस बांधताना तिने दोनदा खिडकीतून सूर्य कुठवर आलाय ते पाहिलं. दुसरं मैदान गावात नव्हतं. आज सूर्य बुडेपर्यंत खेळ सुरू झाला नाही, तर उद्यापासून गोलच्या खांबांना साहेबांच्या गाड्या टेकून उभ्या राहणार होत्या.

दुपारी पायऱ्या माणसांनी भरून गेल्या. फाटकाबाहेर साहेबांची काळी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, तिच्यामागे आणखी गाड्यांची रांग. साहेबांचा ड्रायव्हर फाटकाच्या गजांतून आत डोकावला.

“काय हो, झालं का सुरू?”

“होतंय, होतंय!” अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांनी सर्वप्रथम चेंडू दाखवला. चेंडू कोणता यावर समितीत बरीच डोकेफोड झाली होती. शेवटी लांबट चेंडू घेतला, आणि तो समोरच्या टोकाकडून पाहिला तर गोल दिसतो हे पायवाल्यांना पटवण्यात आलं. सर्वांनी तो त्याच टोकाकडून पाहायचा असं ठरलं. पायवाले आता मान तिरकी करून उभे होते.

मग बाबांनी घसा खाकरून पद्धत वाचून दाखवली. “पंच चेंडू जमिनीवर आपटतील. दोन्ही संघांतला एकेक उंच खेळाडू वर्तुळात उडी मारेल. ज्याच्या हाती चेंडू लागेल तो खेळाडू तो स्टँडवर ठेवेल, लांबून धावत येईल, ऐन वेळी चेंडू स्टँडवरून उचलेल, हातातून खाली सोडेल आणि टप्पा पडताच लाथ मारेल. मात्र पंचांनी आपटण्याच्या क्षणापासून समोरच्या संघाचा कोणीही वर्तुळात असता कामा नये.”

खालच्या गल्लीतला सर्वांत उंच मुलगा म्हणजे उंट. त्याने हात वर केला. “पण काका, उडी मारायला मी वर्तुळात असणार ना?”

“असणार.”

“मग आपटल्यावर मी बाहेर कसा असणार?”

बाबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी आकाशाकडे पाहिलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाळ, तू उडी आत मारायची आणि खाली बाहेर यायचं. मनात आणलं तर काय अवघड आहे?”

पंचांनी शिट्टी फुंकली, चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि जीव खाऊन आपटला. आता लांबट चेंडू आपटला की तो कुठे जाईल हे आपटवाल्यांच्या पंचालाच ठाऊक असतं, आणि हे पंच पायवाल्यांचे होते. चेंडू उलटा फिरला, पंचांच्याच हनुवटीला लागला आणि अध्यक्षांच्या मांडीत जाऊन बसला. उंट मात्र ठरल्याप्रमाणे आत उडाला होता आणि बाहेर पडला होता, तोही तोंडावर.

“आपटी चुकली!” आपटवाले ओरडले. “पुन्हा!”

“पुन्हा कसं?” हेल्मेटवाले म्हणाले. “पुन्हा म्हणजे पुनःप्रारंभ. पुनःप्रारंभाची पद्धत वेगळी आहे.”

इथेच घोळ झाला, मुलांनो. समितीने प्रारंभ ठरवला होता. थांबलेला खेळ परत सुरू कसा करायचा, हे पुढच्या वर्षासाठी ठेवलं होतं.

“थांबला की आम्ही घोळका करतो,” रग्बीवाले म्हणाले. “दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकतात, डोक्यात डोकी अडकवतात, मधे चेंडू सरकवतात आणि रेटारेटी.”

“करा घोळका!” बाबा म्हणाले. त्यांना आता घाम फुटला होता.

सोळा मुलं खांद्याला खांदा भिडवून अडकली. भिंगरी अगदी शेवटी होती. तिला समोर फक्त एक फाटकी चड्डी दिसत होती. चेंडू आत सरकला. सगळे रेटू लागले. कोणाच्या तरी काखेत गुदगुल्या झाल्या, तो हसला, त्याचं हसणं शेजारच्याला लागलं, आणि अख्खा घोळका खदखदत जमिनीवर आडवा झाला. खालून उंटाचा आवाज आला, “माझा कान कोणाकडं आहे?”

“घोळका कोसळला!” रग्बीवाल्यांनी जाहीर केलं. “पुन्हा लावा!”

पुन्हा लावला. पुन्हा कोसळला. तिसऱ्या खेपेला चेंडू मुलांच्या पायांतून सुळकन निसटला आणि बाजूच्या रेघेबाहेर गेला.

फाटकातून आवाज आला, “झालं का सुरू?”

“होतंय!” अध्यक्ष ओरडले, पण आवाजात आता पहिला जोर नव्हता.

रेघेबाहेरचा चेंडू आत कसा आणायचा? पायवाले म्हणाले, दोन्ही हातांनी डोक्यामागून फेकायचा. आपटवाले म्हणाले, मैदानाकडे पाठ करून डोक्यावरून मागे भिरकावायचा. रग्बीवाले म्हणाले, दोन रांगा उभ्या करायच्या, मधे फेकायचा, आणि रांगेतल्या हलक्या गड्याला दोघांनी वर उचलायचं. हेल्मेटवाले म्हणाले, फेकायचा कशाला? आधी सगळ्यांनी गोल करून, डोकी जुळवून सल्लामसलत करायची.

बाबांनी सगळं जुळवून आणलं. आधी सल्लामसलत झाली. तीत उंटाने सगळ्यांना विचारलं की कोणाकडे खायला काही आहे का. मग दोन रांगा लागल्या. रेघेवर बटाटा नावाचा गुटगुटीत मुलगा मैदानाकडे पाठ करून उभा राहिला, त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि विचारलं, “आता डोकं माझं मागं की पुढं?” कोणी उत्तर देण्याआधीच भिंगरीला दोघांनी वर उचललं होतं.

वरून तिला सगळं दिसलं. फाटकाबाहेरच्या गाड्यांची शेपूट कोपऱ्यावरून वळली होती. सूर्य कार्यालयाच्या छपराला टेकायला आला होता. पायऱ्यांवर बसलेली माणसं हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट पाहत होती. आणि बटाट्याने मागे भिरकावलेला चेंडू तिच्या डोक्यावरून, दोन्ही रांगांवरून, उंटाच्या पाठीवर आपटून, उड्या मारत थेट वरच्या गल्लीच्या जाळीत गेला.

“गोल!” भिंगरी हवेतच किंचाळली.

पायऱ्यांवर एक आजोबा टाळी वाजवायला उठले. शेजारच्यांनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं. “अहो, अजून सुरू कुठं झालंय?”

“गोल धरायचा की नाही, ते नंतर पाहू,” अध्यक्ष म्हणाले. “पण धरलाच, तर पुढची सुरुवात कोणी करायची?”

या एका प्रश्नावर चारही मंडळं मैदानाच्या मधल्या वर्तुळात घुसली.

“ज्यांच्यावर गोल झाला त्यांनी करायची, चेंडू त्यांचा,” पायवाले म्हणाले. “बिचाऱ्यांना तेवढं तरी मिळालं पाहिजे.”

“ज्यांच्यावर झाला त्यांनीच करायची,” रग्बीवाले म्हणाले, “पण लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा.”

“म्हणजे मारही खायचा आणि वर चेंडूही द्यायचा?” अध्यक्षांना हे नवीन होतं.

“अजिबात नाही,” हेल्मेटवाले म्हणाले. “ज्यांनी गुण मिळवला त्यांनी लाथ मारून हरलेल्यांना चेंडू द्यायचा.”

“कोणी कोणाला द्यायचा नाही!” आपटवाले गरजले. “पंचांनी आपटायचा!”

पंच हनुवटी धरून दोन पावलं मागे सरकले.

भिंगरी बाबांजवळ गेली आणि तिने त्यांच्या कोटाची बाही ओढली. “बाबा, सूर्य बघा. खेळू का आता?”

“थांब जरा.”

“बाबा, उद्या गाड्या येतील.”

“म्हणून तर म्हणतोय थांब! प्रारंभ चुकला तर सगळंच चुकेल.” आणि ते घाईघाईने वर्तुळात शिरले, कारण तिथे आता उपसमिती नेमण्याची सूचना आली होती.

भिंगरी तिथेच उभी राहिली. जाळीतला चेंडू उंटाने आणून तिच्या पायाशी ठेवला होता. तिने चेंडूकडे पाहिलं, वर्तुळाकडे पाहिलं. वर्तुळात कोटच कोट होते. मग तिने बुटाच्या त्या जोडलेल्या टोकाने चेंडूला टोचलं आणि म्हणाली, “बटाट्या, घे.”

बटाट्याने घेतला. वरच्या गल्लीच्या एका मुलीने तो बटाट्याकडून हिसकावला. ती तो पायाने ढकलत पळाली, मग हातात घेऊन पळाली. कोणी काही बोललं नाही, कारण बोलणारे सगळे वर्तुळात होते. उंटाने तिला अडवलं, चेंडू सुटला, भिंगरीने पकडला. चेंडू कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी त्यांना तो चेंडूच दिसत होता. वर्तुळाला वळसा घालून मुलं अशी धावू लागली, जशी ओढ्याची धार दगडाला वळसा घालून जाते. आरडाओरडा, धपाधप, हसणं. गोल झाला की कोणीही चेंडू उचलून पळत सुटायचं आणि बाकीचे त्याच्या मागे. वर्षभराची पळापळ पायांत साठून राहिली होती.

तेवढ्यात फाटक करकरलं. साहेब आत आले. त्यांच्यामागे गाडी आली, तिचे दिवे लागलेले होते. सूर्य छपराआड गेला होता.

“समिती!” साहेबांनी विचारलं. “सूर्यास्त झाला. खेळ रीतसर सुरू झाला का?”

वर्तुळातले सगळे एका सुरात, वर्षभरात पहिल्यांदाच एका सुरात म्हणाले, “नाही साहेब!”

“मग मैदान विनावापर. गाड्या आत घ्या.”

ड्रायव्हरने गाडी गवतावर घेतली आणि करकचून ब्रेक दाबला. गाडीसमोरून सहा मुलं आणि एक चेंडू गेला. मग परत आला. मग उंट एकटाच गेला. त्याला चेंडू कुठे आहे हे कळलं नव्हतं.

“हे काय चाललंय?” साहेब ओरडले. “थांबवा हा खेळ! पंच, शिट्टी!”

पंचांनी शिट्टी ओठाला लावली. तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांचा कोट चुरगळला होता, पण आवाज समितीचा होता.

“क्षमा असावी साहेब. हा खेळ थांबवता येणार नाही.”

“का?”

“तो सुरू झालेला नाही. आत्ताच समितीनं एकमतानं सांगितलं. जे सुरूच नाही ते थांबवायची तरतूद आपल्याकडं नाही.”

“मग आधी सुरू करा आणि मग थांबवा!”

“करतो की. पण सुरू केला, तर मैदान वापरात आलं असं धरावं लागेल. मग गाड्या…”

साहेबांनी खिशातला फर्मानाचा कागद उघडला. पुन्हा वाचला. भिंगरी नेमकी त्याच वेळी तिथून धावत जात होती. तिने पाहिलं, बाबांचा एक डोळा किंचित मिटला. त्यांनी तिला डोळा मारला, की डोळ्यात चिलट गेलं, हे तिला कळलं नाही. थांबून विचारायला तिला वेळही नव्हता.

“समाप्ती निश्चिती समिती नेमा,” साहेब अखेर म्हणाले. “सुरू न झालेला खेळ संपवायचा कसा, याचा अहवाल द्या. तोवर गाड्या जिथं आहेत तिथंच राहू द्या.”

चारही मंडळांचे चेहरे उजळले. खेळ कसा संपवायचा याबद्दल प्रत्येकाची मतं अतिशय तीव्र होती. काळ्या गाडीच्या ड्रायव्हरने थोडा वेळ त्यांचं ऐकलं, मग इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, बाह्या वर सरकवल्या आणि तो खालच्या गल्लीच्या गोलमधे जाऊन उभा राहिला. तिथे कोणी नव्हतंच.

आणि पायऱ्यांवरची माणसं? ती तशीच बसली होती. शिकलेली, शहाणी, वेळेवर आलेली माणसं. त्यांच्यासमोर वर्षातला सगळ्यांत सुंदर खेळ चालला होता आणि ती एकमेकांना हळूच विचारत होती, “बघायचं का? की सुरू झाल्यावर बघू?”

मुलांनो, एवढा वेळ तुम्ही माझं ऐकत त्यांच्याच शेजारी बसला आहात. लांबट चेंडूचा भरवसा नसतो. तो उडाला, पायऱ्यांवर आदळला आणि टप्पे खात नेमका तुमच्या पायाशी येऊन थांबला. आता खरं सांगा. तुम्ही खाली चेंडूकडे पाहिलंत, की आधी मान वळवून पंचांकडे?

भिंगरी धापा टाकत पायऱ्यांशी आली. तुमची मान वळून परत येईपर्यंत तिने वाट पाहिली नाही. तुमच्या दोन पायांमधून तिने चेंडू काढून घेतला आणि पळाली.